दाजींचा करार

सांगितलेल्या तारखेला कपडे शिवून देणारा टेलर सबंध जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि दुर्दैवाने तो माझा दाजी आहे. दुर्दैवाने अशासाठी, की गिऱ्हाइकाला अशा माणसाचा त्रास झाला तरी दोन पँटी आणि एका शर्टापुरता होतो. आम्ही घरचे पडलो. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, या माणसाशी लग्न झालं तेव्हा मी सातवीत होतो, आणि जालन्याच्या मस्तगडातल्या त्यांच्या दुकानात टेबलाखाली बसून बटणं वेचताना मला दाजी म्हणजे जगातला सगळ्यात मोठा माणूस वाटायचा. उंचीने तो पाच फूट दोन इंच आहे. पुढे दुकान, मागे दीड खोलीचं घर, मध्ये एक पडदा, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकच कायदा.

हा कायदा कुठून आला ते सांगायला हवं. आमच्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी देवाशी केलेला करार पुन्हा नवा करायची रीत आहे. पाळकसाहेब एकेक वाक्य सांगतात आणि सगळी मंडळी उभी राहून ते मागोमाग म्हणते. शब्द मोठे असतात, स्वतःला संपूर्ण देवाच्या हवाली करायचे वगैरे; पण बाहेर पुलाव शिजत असतो, त्यामुळे शेवटची दोन-तीन वाक्यं जरा घाईतच होतात. आम्ही सगळे दर वर्षी स्वतःला देवाच्या हवाली करून पुलाव खाऊन घरी येतो आणि सोमवारी पुन्हा स्वतःच्या ताब्यात घेतो. दाजींना मात्र कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. लग्नाच्या पहिल्याच जानेवारीत ते चर्चमधून तडक दुकानात आले, मापाच्या वहीतलं एक पान फाडलं, मध्ये रेघ मारली, डावीकडे 'माझ्याकडून' आणि उजवीकडे 'देवाकडून' असं लिहिलं. डावीकडे कलमं घातली. उजवी बाजू कोरी ठेवली. ते पान त्यांनी मशीनच्या वर भिंतीला खिळ्याने ठोकलं.

"इकडं काही लिहायचं न्हाई का?" अक्कानं विचारलं होतं.

"त्याच्या बाजूचं मी कोण लिहिणार?" दाजी म्हणाले. "त्याचं तो बघून घेईल. आपण आपलं बराबर ठेवायचं."

पहिलं कलम होतं, दिलेला दिवस पाळायचा. आता हे ऐकायला बरं वाटतं, पण टेलरनं दिवस पाळला तरी गिऱ्हाइकानंही तो पाळावा लागतो, आणि आपल्याकडे टेलरनं सांगितलेल्या दिवशी जाणाऱ्याला लोक खुळा समजतात. दाजी संध्याकाळपर्यंत वाट बघायचे आणि कोणी आलं नाही की कपडे घेऊन त्याच्या घरी निघायचे. राजूरच्या एका शेतकऱ्याला त्यांनी मंगळवार सांगितला होता. तो मंगळवार नेमका अंगारकीचा निघाला. राजूर लांब, म्हणून दुपारपर्यंत माणूस आला नाही तशी दाजींनी एसटी धरली. राजूरला गणपतीसाठी एवढी गर्दी, की त्यात मुंगीला वाट नव्हती. दाजी उतरले ते सरळ दर्शनाच्या रांगेतच ढकलले गेले. चार तास ते खाकी पँट छातीशी धरून रांगेत उभे होते. पुढे पोचल्यावर पुजाऱ्याला वाटलं नवसाची पँट आहे. त्यानं ती गणपतीच्या पायाला लावून परत दिली आणि वर प्रसाद दिला. तो शेतकरी मात्र सकाळीच पँट न्यायला म्हणून जालन्याला गेला होता आणि आधी बाजार करून दुकानाला कुलूप लागल्यावर तिथं पोचला होता. मी खूप हसलो तेव्हा दाजी गंभीरपणे म्हणाले, "मंगळवार म्हणून सांगितलं होतं ना मी. मंग काय करू?"

दुसरं कलम कात्रणांचं. उरलेलं कापड हा टेलरचा हक्क, असं सगळं जग मानतं. दाजी प्रत्येक गिऱ्हाइकाला शर्टासोबत चिंध्यांचं पुडकं देत. लोक ते दुकानाबाहेर टाकून जात, दाजी ते उचलून पुन्हा त्यांच्या मागे पळत. तिसरं कलम खोटं न बोलण्याचं, आणि टेलरच्या धंद्यात याच्याइतकं घातक काही नाही. कंबरेचं माप ते खणखणीत आवाजात सांगत. एक पुढारी चार कार्यकर्ते घेऊन सफारी शिवायला आला. "छत्तीस लिहा," तो म्हणाला. "बेचाळीस आहे साहेब," दाजी म्हणाले, "मी लिहीन छत्तीस, पण पोट ऐकणार न्हाई." पुढारी गेला, कार्यकर्ते गेले, आणि त्यांच्या मागोमाग एका शाळेच्या गणवेशांचं कामही गेलं. अक्का पडद्यामागे कपाळाला हात लावून बसली होती.

चौथं कलम रविवारी मशीनला आणि सुईला हात न लावण्याचं. याचा फटका मला बसला. माझं लग्न पाहुण्यांच्या सोयीसाठी रविवारी दुपारी ठेवलं होतं. दाजींनीच शिवलेला सूट घालून मी चर्चच्या दारात जीपमधून उतरलो आणि बगलेतली शिवण वीतभर उसवली. दाजींच्या खिशात सुई-दोरा कायम असतो. मी हात वर करून उभा राहिलो. दाजी माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी स्वतःच्या अंगातला कोट काढून माझ्या हातात दिला. मी सहा फुटांच्या जवळ आहे. लग्नाच्या सगळ्या फोटोंमध्ये माझ्या बाह्या कोपरापाशी संपतात आणि माझ्या शेजारी दाजी शर्टावर, अतिशय समाधानी चेहऱ्यानं उभे आहेत. सासरचे लोक मला पुष्कळ दिवस गरीब समजत होते.

इथपर्यंतचं मी लोकांना रंगवून सांगतो आणि लोक हसतात. यापुढचं सांगत नाही.

माझ्या आजोबांनी ख्रिस्ताला मानलं, पण गावानं त्याची काही दखल घेतली नाही. आमचं घर वेशीबाहेर होतं ते वेशीबाहेरच राहिलं आणि पाण्याच्या वेळी आजीला जे ऐकून घ्यावं लागायचं तेच पुढे आईला ऐकून घ्यावं लागलं. देव बदलला म्हणून कुणी आम्हाला ओसरीवर बसवलं नाही. कायदा मात्र म्हणतो, की ख्रिस्ती झालात म्हणजे ती जुनी जात गेली आणि जातीबरोबर तिची सवलतही गेली. म्हणून आमच्यात बरेच लोक दोन प्रकारे नोंदलेले असतात: चर्चच्या रजिस्टरात एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. माझ्या दाखल्यावर माझ्या बापानं 'हिंदू' लिहवून घेतलं आणि पुढे जात लिहिली, आणि त्या दाखल्यावर मला कचेरीत नोकरी लागली. मी बदनापूरला घर केलं. याची मला लाज वाटत नव्हती. ज्यांनी आमच्याकडून घ्यायचं ते घेतलं होतं, त्यांच्याकडून एवढंसं परत घेतलं, असं मी समजत होतो.

दाजींची एकुलती एक मुलगी करुणा. तिला पहिलीत घालायच्या दिवसांत गणवेशांचा हंगाम, म्हणून दाजींनी मला अक्कासोबत शाळेत पाठवलं. हेडमास्तर भला माणूस होता, आमच्या लोकांची ही रीत त्याला माहीत होती. त्यानं विचारलं, "तुमच्या दाखल्यावर आहे तसंच लिहू ना?" मी अक्काकडे बघितलं. अक्कानं मान हलवली. बारा वर्षं दाजींना हे कळलं नाही, कारण पोरगी इतकी हुशार की तिचे फक्त मार्क बघितले जात. मग बारावी झाली, मेडिकलच्या यादीत सरकारी कॉलेजात राखीव जागेवर तिचं नाव लागलं, आणि पडताळणीसाठी बापाचं प्रतिज्ञापत्र मागितलं. मी ते टाइप करून दुकानात घेऊन गेलो आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. मला वाटलं, आनंदात आहेत, वाचणार नाहीत. कापड तीनदा मोजल्याशिवाय कात्री न लावणारा माणूस, त्यानं ते तीनदा वाचलं.

"हे हिंदू कुणी लिहिलं?"

"मी. पहिलीत घालताना."

त्यांनी चष्मा काढला. "भाऊ, ह्याच्यावर माझी सही न्हाई होणार."

"दाजी, पोरीचं आयुष्य आहे. जरा विचार करा."

"विचारच करून राह्यलो. मी असं लिहून दिलं तर त्याला काय तोंड दाखवू?"

करुणा पडद्याआडून बाहेर आली होती. "आणि मला काय दाखवणार पप्पा?" ती म्हणाली.

पुढचे सहा दिवस त्या घरात कोणी धड जेवलं नाही. अक्कानं हात जोडले, पाळकसाहेबांनीसुद्धा आडून आडून सांगून बघितलं की देव समजून घेतो. दाजी उपास करत होते, मशीन बंद होती. प्रवेशाची शेवटची तारीख दिवसभर आम्ही घड्याळाकडे बघत घालवली आणि ती गेली. मी जाता जाता भिंतीकडे बोट करून म्हणालो, "एक ओळ तरी लिहून घ्या तुमच्या देवाकडून. एवढी वर्षं कोराच आहे तो रकाना." पुढची दोन वर्षं मी मस्तगडात पाय ठेवला नाही. करुणानं बी.एस्सी. केलं आणि एका खाजगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागली. तिच्या हाताखालून दर वर्षी चार-दोन मुलं डॉक्टर व्हायला जातात.

तिसऱ्या वर्षी माझ्यावर पाळी आली. कुणीतरी निनावी अर्ज केला, की हा माणूस दर रविवारी चर्चला जातो. चौकशीचा माणूस नातेवाइकांचे जबाब घेत मस्तगडात पोचणार असं कळलं तेव्हा मी संपलो असं समजलो. माझ्या दोन मुली शाळेत होत्या, बाप अंथरुणाला खिळलेला. दाजींना फोन करायला मला तोंड नव्हतं. नोकरीवरून काढल्याचा कागद आला की घरात कसं सांगायचं याचीच मी तयारी करत होतो. तो कागद आलाच नाही. काय झालं ते मला अक्कानं नंतर सांगितलं.

त्या माणसानं विचारलं, "तुमचे मेहुणे चर्चला जातात का?" दाजी मशीन चालवत होते. त्यांनी शिवण पुरी केली, दोरा तोडला आणि म्हणाले, "न्हाई. ते गणपतीला जातात राजूरला. अंगारकीला. मी सोबत गेल्तो." मग त्यांनी रांग केवढी होती, आत पुजाऱ्यानं काय केलं, प्रसाद कसा दिला, सगळं सविस्तर सांगितलं, आणि खाली सही केली.

करुणा त्या दिवशी घरातच होती. तो माणूस गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मामासाठी जमलं?"

"तुझ्या टायमाला मला माहीत नव्हतं, बाई," दाजी म्हणाले, "खरं बोललं की घराचं काय होतं. माहीत झाल्यावर दुसऱ्यांदा न्हाई जमलं."

त्यानंतरच्या जानेवारीत करार म्हणायची वेळ आली तसे दाजी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. पाळकसाहेब समजवायला गेले, की अहो, मोडतो म्हणूनच तर दर वर्षी नवा करायचा. दाजी म्हणाले, "ते इतरांचं झालं." भिंतीवरचं पान त्यांनी काढून टाकलं. दर जानेवारीत ते त्या पायरीवर असतात आणि मी आत. मी सगळी वाक्यं म्हणतो. मला कुणी अडवत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या पाच मिनिटांत मला माझी किळस येते. पुलाव मात्र मी खातो.

गेल्या जूनमध्ये करुणा तिच्या मुलीच्या शाळेचा फॉर्म घेऊन माहेरी आली. मीही तिथंच होतो. लग्न झाल्यापासून बापाशी ती कामापुरतं बोलते. तिनं फॉर्म मशीनच्या टेबलावर ठेवला आणि पेन बापासमोर धरलं. "पप्पा, तुमचं अक्षर चांगलंय. तुम्ही भरा." दाजींनी नातीचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, पत्ता लिहिला. धर्माच्या रकान्याशी पेन थांबलं. मग त्यांनी ते तिला परत दिलं.

"हे तू लिही," ते म्हणाले. "तुला जे वाटंल ते लिही. मी काही म्हणणार न्हाई."

मला तिला थांबवायचं होतं. बारा वर्षांनी काय होतं ते त्या घरात बसून मी तिला सांगू शकलो असतो. माझ्याइतकं ते कुणाला माहीत आहे? तिनं फॉर्म स्वतःकडे ओढला आणि मोठ्या अक्षरात 'ख्रिस्ती' लिहिलं. बापाकडे बघितलं नाही. दाजी उठून पडद्याआड गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. करुणानं फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"मामा, बराबर लिहिलंय ना?"

"बराबर," मी म्हणालो, आणि मला तिच्याकडे बघवेना.