तिथे राहायची सोय

माझा धाकटा भाऊ चोविसाव्या वर्षी समुद्रात बुडाला. वागळे इस्टेटमधल्या त्याच्या कारखान्यातले सहा जण रजा टाकून कोकणातल्या एका लहान गावी गेलेले. पाच परत आले. निरोप मिळाल्यावर मी आणि बाबा डोंबिवलीहून ठाण्याला आलो आणि खोपटच्या स्टँडवरून दुपारची एसटी धरली. आई घरी राहिली.

त्या गावात आम्ही चार दिवस होतो. वाट बघण्याखेरीज काम नव्हतं. एका म्हाताऱ्या कोळ्याने सांगितलं, "आता भांगाची भरती हाय, पान्याला जोर नाय. पानी वाढलं की दगडांच्या अंगाला बगा." चौथ्या दिवशी सकाळी भाऊ तिथेच मिळाला.

पुढच्या वर्षी आमच्या माजिवड्याच्या ऑफिसात एक नवीन गृहस्थ लागले. एप्रिलमध्ये ते माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, तुम्ही त्या गावाला जाऊन आलात म्हणे. मुलांना न्यायचंय. कसं आहे?"

कोणीतरी त्यांना अर्धंच सांगितलं होतं. मी हातातलं पत्र बाजूला ठेवलं.

"एसटी थेट जाते," मी म्हटलं. "स्टँडसमोरच्या लॉजमध्ये उतरू नका, तिथे पाणी नसतं. देवळामागे एक बाई खोल्या देतात. रात्री किती जण जेवणार ते दुपारीच सांगायचं. औषधाचं दुकान एकच आहे, ते दुपारी बंद. फोन फक्त पोस्टात."

ते कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून घेत होते.

"आणि समुद्र?"

"समोर वाळू आहे, तिथे ठीक. उजवीकडे दगड आहेत, तिकडे मुलांना सोडू नका. ओहोटीला पाणी आत ओढतं."

टायपिस्टला मजकूर सांगताना असतो तसाच माझा आवाज होता. आता आत काहीतरी होईल म्हणून मी थांबले. काही झालं नाही. मी पत्र पुन्हा पुढे ओढलं.

जेवणाच्या सुट्टीत टायपिस्टने त्यांना सगळं सांगितलं असावं. ते परत आले आणि टेबलाची कड धरून उभे राहिले.

"मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही दुसरीकडे जाऊ."

"कशाला? जा की. फक्त बाईंना आधी कळवा."

मे महिन्यात ते जाऊन आले. त्यांनी तिथे काढलेले फोटो जूनमध्ये मीच मागून घेऊन पाहिले. एकात त्यांची मुलगी फ्रॉक वर धरून गुडघाभर पाण्यात उभी होती. मागे धूसर दगड दिसत होते. कोणाचेही फोटो पाहावेत तेवढाच वेळ मी पाहिले आणि म्हटलं, "छान आलेत."

"बाईंनी तुमची चौकशी केली," ते म्हणाले. "वडील कसे आहेत, विचारत होत्या. ते रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून तुमच्या भावाबद्दल बोलायचे म्हणे."

मला हे माहीत नव्हतं. संध्याकाळी बाबा खोलीत नसायचे, ते किनाऱ्यावर असतील असं मी धरून चालले होते. घरी तर वर्षभरात त्यांनी त्याचं नावही घेतलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आई भाजी आणायला गेल्यावर मी बाबांना सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते.

"चांगली बाई होती," ते म्हणाले. मग पान उलटून म्हणाले, "घरी पोचलो म्हणून कळवायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मी आंतर्देशीय पत्र आणून दिलं. ते लिहायला त्यांना तीन दिवस लागले. डिंकाने चिकटवून त्यांनी ते माझ्या हातात दिलं, आणि ऑफिसला जाताना मी ते पेटीत टाकलं.