डबीतली विभूती

नाणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपात सकाळीच सोमलिंगला चोर ठरवून मोकळे झाले होते लोक. नाशिकच्या जुन्या गिऱ्हाइकानं लिहिलं होतं, 'सोलापूरच्या काकांनी चांदीचा रुपया दाखवून कथलाचा पाठवला.' खाली चाळीस जणांचे लालबुंद चेहरे.

सोमलिंगनं फोन लावला. "आरं, मी तुला रुपया धाडलाच न्हाय की! कुटनं घेतलास?"

"फोटो तर तुमचाच होता, काका. तीच निळी चादर."

तवा उजेड पडला. कुणा भामट्यानं त्याचा फोटो उचलून नाणी विकायच्या ॲपवर आपल्या दुकानात डकवला होता. ह्या शहाण्यानं चादर ओळखली, विकणाऱ्याचं नाव वाचलंच न्हाय.

एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षं मागावर उभं राहून सोमलिंगचे गुडघे गेले. तवापासनं जुनी नाणी फोटो टाकून विकायची. नाणं प्लास्टिकच्या डबीतनं काढायचं न्हाय, बोट लागलं की डाग. पण डबी म्हंजे आरसाच. पंखा, खिडकी, आपलं थोबाड, सगळं त्यात. म्हणून काळ्या फडक्याला भोक पाडून त्यातनं मोबाइल धरायचा, आन् खाली हातानं विणलेला चादरीचा तुकडा.

सोमलिंगनं तक्रार केली तर ॲपवाल्यांनी विचारलं, "फोटो तुमचाच कशावरून? सोलापुरी चादर कुणाकडंही असते."

"ह्यांच्या तर..!" सोमलिंगनं मोबाइल गादीवर आदळला.

"आदळा, आदळा," बायको गुरम्मा सैपाकघरातनं म्हणाली. "त्या दिवशी पण असंच. मी तुमच्या काळ्या फडक्यानं पातेलं उतरवलं तर घर डोक्यावर घेतलं, आन् तसाच त्या रुपयाचा फोटो काडला रागारागात."

सोमलिंग थबकला. फडक्याबिगर? त्यानं पोरीला हाक मारली. अक्षतानं फोटो ताणून मोठा केला. रुपयावरच्या राजाच्या कानामागं, डबीच्या कडेला, एक कपाळ. त्यावर पूजेनंतरचे विभूतीचे तीन पट्टे, आन् खाली रागानं वटारलेले डोळे.

"अप्पा, तुमीच की!"

त्यानं तसाच विभूती लावलेल्या तोंडाचा फोटो काढून ॲपवाल्यांना धाडला. सांजंपर्यंत भामट्याचं दुकान बंद. ॲपवाल्यांचं 'सहकार्याबद्दल धन्यवाद' वाचून तो आणखीनच पेटला.

नाशिकवाल्याचा फोन आला. "सॉरी काका."

"माज्या कानात नगं. ग्रुपात चोर म्हणलास, ग्रुपातच बोल."

थोड्या वेळानं ग्रुपात आलं : 'सोलापूरच्या काकांबाबत गैरसमज झाला होता.'

सोमलिंगनं एकेक अक्षर दाबत खाली लिहिलं : 'झाला न्हाय, तू केलास. नीट लिव्ह.'

आन् मोबाइल मांडीवर ठेवून, डोळे वटारून, वाट बघत बसला.