पहिला तुकडा मोडणारे काका

नारायण पेठेतल्या त्या काकांचं नाव मी कधी विचारलेलं नाही. ते थ्री-डी प्रिंटरवर प्लॅस्टिकचे सुटे भाग छापून देतात. नववीत शाळा सोडून वाशीमहून आलेल्या मला ते 'आपण' म्हणतात. त्याचं बरं वाटतं आणि धास्तीही वाटते.

मी बिबवेवाडीत एका गेमिंग सेंटरवर कामाला आहे. तिथल्या रेसिंगच्या स्टिअरिंगचा स्टँड फार करकरायचा. तो थांबावा म्हणून मीच बोल्ट आवळला आणि स्टिअरिंग धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा क्लॅम्प तडकला. मालक आधीच म्हणाले होते, आता काही मोडलंत तर गावाची गाडी पकडा.

क्लॅम्प बघून काका म्हणाले, "अहो, बोल्ट आवळलात की कुणाचा गळा?"

"आधीपासूनच तसा होता," मी म्हटलं. ते चष्म्यावरून बघत राहिले.

काका प्रत्येक भाग दोनदा छापतात. पहिला गिऱ्हाइकासमोर पक्कडीत धरून मोडतात आणि जिथे मोडला तिथे दुसरा जाड करतात. हे मला माहीत होतं, तरी तो मोडताना मी डोळे मिटले.

दुसरा क्लॅम्प त्यांनी रबराच्या चकतीसकट दिला. तडकलेला जुनाही कागदात गुंडाळून हातात ठेवला. "हा मालकांना दाखवा. आधीपासूनच तसा होता ना?"

आज नवा क्लॅम्प बसवल्यावर मालकांनी विचारलं, "करकर कशी गेली?"

मी जुना क्लॅम्प काउंटरवर ठेवला. "माझ्याच हातून तडकला होता," म्हटलं.

ते तो उलटसुलट करून बघतायत.