इथून फाडा

पाकिटाच्या कोपऱ्यावर 'इथून फाडा' असं छापणाऱ्या माणसाला मला एकदा सोमवारी आमच्या घरी बोलवायचंय. सोमवारी आमच्याकडे मासे नसतात आणि देवाला नैवेद्य असतो. परवा मी खिरीसाठी शेवयांचं पाकीट घेऊन बसले. छापलेल्या जागी ओढून ओढून बोटं लाल झाली, पाकीट ढिम्म. घरातली कात्री बांगड्यांचे पर कापायची आणि विळीही माशांचीच, त्यामुळे त्या दिवशी दोन्हींना हात लावायचा नाही. दात लावले तर नैवेद्य उष्टा. पाकीट करणाऱ्यांनी मात्र धरूनच ठेवलेलं असतं, की माणूस शेवटी दातच लावणार. आमचा देव त्यांच्या हिशेबातच नाही.

शेवटी चिडून मी दोन्ही हातांनी हिसका दिला. पाकीट पाठीवरून उभं फाटलं आणि शेवया उंबऱ्यापर्यंत उडाल्या. 'इथून फाडा'चा कोपरा तेवढा शाबूत राहिला.

लिहिलेल्या जागीच ओढत होते, असं मी आईला तणतणत सांगितलं.

देवापुढे वात लावता लावता ती म्हणाली, "तुका वाचूक येता गो, पाकिटाक खंय येता?"