बायकांच्या बाकावर

उत्तरायणाच्या दिवशी मी सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या घराच्या गच्चीवर फिरकी धरून उभा होतो. पतंग उडवायचा मान आमच्या घरात मुलीचा. मी बावन्न वर्षांचा मराठी शाळेतला मास्तर असलो तरी त्या दिवशी नुसता फिरकीवाला. "पप्पा, लपेट, लपेट!" ती ओरडली म्हणून मी घाईघाईने फिरकी छातीशी दाबून दोरा गुंडाळायला लागलो, आणि डाव्या बाजूला अशी कळ आली की फिरकी हातातून सुटून शेजाऱ्यांच्या उंधियूच्या पातेल्याजवळ जाऊन पडली. पतंग गेला. मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तो मुद्दाम विकून टाकला.

बायकोने मला जिन्यात नेलं आणि सदऱ्याची बटणं काढायला लावली. बोंडाच्या खाली हरभऱ्याएवढी टणक गाठ होती. बोंडही थोडं आत ओढलं गेलं होतं. मला ते दिवाळीपासून माहीत होतं, पण पुरुषाच्या छातीला कोण विचारतो? मी धरून चाललो होतो की घामाची गुठळी असेल.

"दिवाळीपासून?" बायको म्हणाली. "अहो, तुमच्या चपलेचा अंगठा तुटला तर तुम्ही तीन दिवस बोलता. आणि हे बोलला नाहीत?"

बायको एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळते. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या नावाची फाईल उघडली, तिला दोरी बांधली, आणि पुढे आलेल्या प्रत्येक कागदावर लाल पेनाने आवक क्रमांक टाकला. माझ्या रक्ताचा रिपोर्ट आवक क्रमांक तीन होता.

डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी लिहून दिली. जायच्या दिवशी माझी मोठी बहीण नवागामहून आली. आम्ही तिला आक्का म्हणतो. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्न होऊन सुरतेला आली ती लूमच्या खात्याला, म्हणजे कापड विणायच्या कारखान्याला, लागून असलेल्या खोलीत. तीस वर्षं त्या खडखडाटावर आवाज चढवून बोलली. आता खातं तिथून हललं, पण आवाज तिथेच राहिला. घरी ती साड्यांना लेस लावायचं काम करते. हात हलका आणि गळा भोंग्यासारखा.

तपासणी केंद्रात मॅमोग्राफीसाठी वेगळं दालन होतं. तिथे एका लांब बाकावर सात-आठ बायका बसलेल्या. मी दारातच थबकलो. काउंटरवरच्या मुलीला वाटलं मी कुणाला तरी सोडायला आलोय. तिने मला बाहेर पुरुषांच्या खुर्च्या दाखवल्या. मी हळूच म्हणालो, "माझंच आहे." तिला ऐकू गेलं नाही. मी परत म्हणालो. तिने विचारलं, "पेशंट कोण छे?"

तेव्हा माझ्या मागून आक्का आमच्या अहिराणीत बोलली, "मना भाऊले छातीमा गाठ शे!"

पाण्याच्या कूलरजवळचा माणूस ग्लास तसाच धरून उभा राहिला. माझे कान इतके तापले की त्यांच्यावर पापड भाजता आला असता. मग बाकावरची एक जाड चष्म्याची गुजराती बाई सरकून बसली, तिने बाकावर थापटलं आणि म्हणाली, "आवो भाई, बेसो. भाईओने पण थाय?"

"थाय, थाय," मी म्हणालो, जणू आमच्यात ही जुनी रीत आहे.

आणि मी बायकांच्या बाकावर बसलो. पाच मिनिटांत मला कळलं की आत मशीन गार असतं, श्वास कधी धरायचा, आणि पावडर लावून आलं की ती पुसून यायला लावतात. माझ्या आयुष्यात इतक्या बायकांनी एकदम मला इतकं मनापासून कधी शिकवलं नव्हतं. मग आतून पुकारा झाला. सुरतेत पुरुषाच्या नावापुढे भाई आणि बाईच्या नावापुढे बेन लागतं. त्या दालनाच्या कॉम्प्युटरला भाई माहीतच नसावा. माझं चांगलं भारदस्त पुरुषी नाव, आणि त्याला जोडून "बेन". मी उठलो. बाकावर आधी एकीला हसू फुटलं, मग दुसरीला, आणि मग सबंध बाक हलायला लागला. मीही हसत हसतच आत गेलो.

आत तंत्रज्ञ मुलगी बिचारी फार कष्टाळू होती. मशीनच्या दोन तबकड्यांमध्ये धरायचं काय, हाच प्रश्न होता. ती एका बाजूने ओढायची, मी दुसऱ्या बाजूने ढकलायचो. "सर, थोडा और आगे," ती म्हणे. मी म्हटलं, "बेटा, इतनाच है." तिने ओठ चावले, पण खांदे हलत होते. शेवटी कसंबसं जमलं. दुखलं मात्र खूप.

सुईने तुकडा काढला, त्याचा रिपोर्ट आठ दिवसांनी आला. सर्जन बाई होत्या, शांत, नीटस. त्यांनी कागदावर छातीचं चित्र काढलं, गाठ काढली, काखेतल्या गाठी काढल्या, आणि हिंदीत म्हणाल्या, "कॅन्सर आहे. पुरुषांना कमी होतो, पण होतो. लवकर सापडलाय. डावी बाजू काढून टाकू."

मला भीती वाटली का? वाटली. पण त्याच वेळी डोक्यात दुसरंच चाललं होतं, की शाळेत रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं? स्टाफरूममध्ये काय सांगायचं? हार्ट म्हणावं का? हार्टला इज्जत असते. बायकोने फाईल उघडून रिपोर्टवर आवक क्रमांक टाकला. आकडा चुकला. तिने तो नीट खोडून परत लिहिला. ते बघून मला एकदम हसू आलं, आणि मला हसताना बघून तिला रडू आलं. मग तीही हसायला लागली. सर्जनबाई आम्हा दोघांकडे पेन हातात धरून बघत राहिल्या. हे त्यांनी आधी पाहिलं असावं, कारण त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि वाट पाहिली.

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होता? आई, मावशी, बहीण?"

"नाही," मी लगेच म्हणालो.

आक्का माझ्या शेजारी बसली होती. आक्का गप्प आहे हे लक्षात यायलाच मला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिचा हळू आवाज ऐकला: "मायले व्हती."

आमची आई गावी वारली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. मला सांगितलं होतं की ताप डोक्यात गेला. आक्का त्या वेळी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. आईने गाठ पदराखाली झाकली, मग जखम झाली, ती आक्का रोज धुवायची आणि मऊ धोतराची पट्टी बांधायची. आईने तिला शपथ घातली होती की घरातल्या पुरुषांना कळता कामा नये. "तू धाकला व्हता," आक्का म्हणाली. "तुले काय सांगू?"

इतकी वर्षं तिने ते एकटीने ठेवलं होतं. मी तिचा हात धरला. लेस लावून लावून बोटांच्या टोकांना सुईची भोकं पडलेली.

सर्जनबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की मग बहिणीचीही तपासणी करायला हवी, मुलीलाही पुढे लक्ष ठेवावं लागेल. आक्का लगेच मूळ आवाजावर आली. "माले काय व्हनार शे आते? साठ वरीसनी म्हातारी!" ती मान हलवत राहिली. मी हट्टाला पेटलो. म्हटलं, तू दाखवल्याशिवाय मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही. तिने माझ्यावर डोळे वटारले, मी तिच्यावर वटारले. लहानपणी आम्ही असेच कुल्फीच्या काडीवरून भांडायचो.

तीन दिवसांनी आम्ही त्याच दालनात, त्याच बाकावर. या वेळी पेशंट ती, आणि मी सोबतीला. मी तिला पावडर पुसायला लावली, श्वास कधी धरायचा ते सांगितलं, आणि शेजारच्या दोघींनाही सांगितलं, कारण त्या नव्या होत्या. आक्का आत गेली. बाहेर मला घाम फुटला. माझ्या स्वतःच्या वेळी नव्हता फुटला इतका. संध्याकाळी रिपोर्ट आला, तिला काही नव्हतं. रिक्षात बसल्यावर तिने माझ्या पाठीत एक दणका घातला आणि म्हणाली, "आते तू मनी बहीनच व्हई गया!" आम्ही दोघं लिंबायतच्या फाटकापर्यंत हसत होतो. रिक्षावाला आरशातून बघत होता, लग्न ठरवून आलीत की काय म्हणून. खरं सांगतो, मला कॅन्सर होता आणि त्या रिक्षात मी हलका झालो होतो. अंगात जणू गॅस भरलाय, सोडलं तर उडेन.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा छातीवर घट्ट पट्टी आणि काखेतून एक नळी, तिच्या टोकाला प्लास्टिकची बाटली, जिच्यात लालसर पाणी जमायचं. ती बाटली दहा-बारा दिवस सोबत वागवायची होती. मी पुरुषांच्या वॉर्डात होतो. शेजारच्या खाटेवर हर्नियावाले काका. त्यांनी विचारलं, "कशाचं?" मी ठरवून ठेवलं होतं की हार्ट म्हणायचं. पण तेवढ्यात नर्सने सूचनांचा छापील कागद आणून दिला. त्यावर वर मोठं चित्र होतं, अंबाडा घातलेली बाई हात वर करून व्यायाम करतेय. खाली लिहिलेलं, काही दिवस सैल ब्लाउज घालावा. काकांनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं.

"स्तनाचा कॅन्सर," मी म्हणालो.

काकांचा हात आपोआप स्वतःच्या बंडीत गेला. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. मग म्हणाले, "सैल ब्लाउज तुम्हाला शोभेल." आम्ही दोघं इतके हसलो की त्यांचे टाके ओढले गेले आणि नर्स आम्हा दोघांनाही रागावली.

घरी आलो. बाटली हातात धरून फिरणं अवघड जायचं, म्हणून आक्काने पिशवी शिवून आणली. घरात होता तो कपडा वापरला, म्हणजे लाल जॉर्जेट, आणि काठाला तीन बोटं सोनेरी लेस, त्यावर चकाकणाऱ्या टिकल्या. ती गळ्यात अडकवून मी बसायचो. मुलगी म्हणायची, "पप्पा, नवरात्रीपर्यंत ठेवा, गरब्याला लागेल."

शाळेतून मुख्याध्यापक आणि दोन शिक्षक भेटायला आले. त्यांची नजर पिशवीवरून हलेना. मी सरळ सांगितलं काय झालंय ते. कुणी हसलं नाही. चहा आला. मुख्याध्यापक शाळेच्या गळक्या टाकीबद्दल बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांचा उजवा हात कोटाच्या आत शिरला. विज्ञानाच्या सरांनी पेन काढायचं निमित्त केलं. पीटीचे सर तर उठून बाथरूमलाच गेले. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडात धरून उभी होती. मला कळलं की ज्या पुरुषाला मी हे सांगेन, तो पुढच्या दोन मिनिटांत स्वतःला चाचपणार. म्हणून मग मी सगळ्यांनाच सांगायला लागलो. दूधवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, रिक्षावाल्याला. प्रत्येकाचा हात आत जायचा.

व्यायाम मात्र रडवणारा होता. भिंतीसमोर उभं राहून बोटं कोळ्यासारखी वर वर चालवायची. पहिल्या दिवशी खांद्याच्याही वर जाईनात. मुलगी पेन्सिलने भिंतीवर रेघ मारायची, जसं तिच्या लहानपणी मी तिची उंची मोजायचो तसं. आरशाकडे मी बरेच दिवस पाठ करून कपडे बदलले. एकदा बायकोने मला खांद्याला धरून आरशाकडे वळवलं. डावीकडे सपाट, आडवा शिवणीसारखा व्रण, बोंड नाही. आम्ही दोघं बघत राहिलो. मग तिने व्रणावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "टाका छान घातलाय हो. आक्कांना दाखवायला हवा." आक्का आल्यावर तिने खरंच चष्मा लावून पाहिला, आणि हात बारीक आहे म्हणून सर्जनबाईंना पसंती दिली.

काखेतल्या गाठी साफ निघाल्या. रोज एक गोळी सुरू झाली, पाच वर्षं घ्यायची. सर्जनबाईंनी सांगितलं होतं की गोळीने अंगातून वाफा येतील, बायकांना पाळी जाताना येतात तशा. मी म्हटलं, ठीक. तिसऱ्या आठवड्यात वर्गात फळ्यावर भागाकार लिहिताना एकदम मानेतून आग वर चढली, सदरा भिजला, आणि पोरांना वाटलं सरांना भागाकार येत नाही.

घरी येऊन सांगितलं तर बायको कितीतरी वेळ हसत बसली. तिच्या वाफा आदल्या वर्षीच सुरू झाल्या होत्या. ती सहा महिने सांगत होती आणि मी सहा महिने "पंखा लाव ना मग" एवढंच म्हणत होतो.

"पप्पा, मम्मीला विचारा," मुलगी म्हणाली. "तिला अनुभव आहे."

तेव्हापासून आमच्या बैठकीत दोन पंखे आणि एक कूलर चालतो. एकाला आग चढली की दुसऱ्याची उतरलेली असते, त्यामुळे रेग्युलेटर दिवसभर फिरत राहतो. परवा रविवारी दुपारी दोघांना एकदमच चढली. सगळ्या खिडक्या उघड्या, पंखे पाचवर, कूलरचं तोंड आमच्याकडे, आणि आम्ही नवरा-बायको लादीवर पसरून ताक पीत बसलेलो. आक्का आली. दोन मिनिटं बसली, मग उठून आतून चादर आणली, डोक्यावरून घेतली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "हाई घर शे का बरफना कारखाना?"

"आक्का, तुमच्या भावाला विचारा, आता त्यांनाही अनुभव आहे," बायको म्हणाली, आणि ताक तिच्या नाकातून बाहेर आलं.