लाज लावायची खुंटी

आमच्या शेजारच्या काकीच्या दारामागे एक लाकडी खुंटी होती. तिला कधी काही टांगलेलं मी पाहिलं नाही. कुणी बाई मान खाली घालून, पदराचं टोक चावत आत शिरली, की काकी चुलीपाशी बसल्या बसल्या त्या खुंटीकडे बोट दाखवायची.

"लाज थंयसर खुटीक लाव. बोल मगे. जाताना घेवन जा परत."

आणि बाया खरंच बोलायच्या. जे आईला सांगवत नाही, डॉक्टरला तर त्याहून नाही, ते सगळं त्या दाराआड बाहेर पडायचं. तुमच्याही वाड्यावर अशी एखादी बाई असेल. नसेल तर तुमच्याकडच्या बायका मन मोकळं कुठे करतात, देव जाणे.

काकी मूळची मालवणकडची. लग्न करून डिचोलीजवळ आमच्या सर्वणात आली. नवरा बोटीवर नोकरीला. मुरगावहून निघाला की महिनोन् महिने त्याचं तोंड दिसायचं नाही. घरात काकी आणि तिची म्हातारी सासू. आता दोघीही नाहीत. घराला कुलूप आहे, खुंटी आत असेलच.

मी तेव्हा कॉलेजात होते. गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि रस्त्याकडेच्या भिंतींवर कोकणी-मराठीच्या घोषणा अजून तशाच होत्या. आमच्या पोहण्याच्या सरांची घोषणा वेगळीच: "आता राज्याच्या नावानं पोहायचं." मी गावच्या तळीत हातपाय मारत शिकलेली, पण पाण्यात मला कुणी गाठू शकत नसे. पणजीच्या जलतरण तलावावर राज्याच्या संघाची निवड होणार होती. मला त्या संघात जायचं होतं. तेव्हा दुसरं काही म्हणता काही नको होतं.

आडवी आली ती पाळी. सरावाच्या एका दिवशी मी पाण्यातून वर आले आणि मांडीवरून लाल ओघळ गेला. सरांनी मान फिरवली. काठावरच्या मुलांनी मात्र फिरवली नाही. त्या दिवशी मी बसमध्ये घरापर्यंत उभीच राहिले, जागा रिकामी असून. त्यानंतर तसल्या दिवसांत पाण्याजवळही जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

घरी तर पाळी आली की चार दिवस मागच्या पडवीत. कापडं वाळत घालायची ती परसात, जुन्या परकराखाली झाकून. आणि तो परकर दिसला की अख्ख्या वाड्याला कळायचं! लपवायला म्हणून घातलेला तो परकर दवंडीच पिटायचा. मला त्या परकराची इतकी लाज वाटायची की मी ओलीच कापडं घडी करून ठेवायची.

निवडीची तारीख कळली. मी बोटांवर दिवस मोजले, नेमके पाळीचेच निघाले, आणि काकीकडे गेले. तिने खुंटीकडे बोट केलं. मी उभी राहून नुसती रडले. मग सांगितलं.

काकीने फडताळातून एक खोका काढला. नवऱ्याने साबण-पावडरीबरोबर आणलेला. बायकांचं सामान म्हणून कुठल्याशा बंदरावर कुणी तरी त्याच्या गळ्यात मारला होता. आत कापसाचे घट्ट वळलेले बोळे, प्रत्येकाला दोऱ्याची शेपटी. त्याला टॅम्पॉन म्हणतात हे मला पुढे कळलं. काकी त्याला 'पावणो', म्हणजे पाहुणा, म्हणायची. खोक्यातल्या कागदावरची चित्रं बघून तिने आधी स्वतःवर सगळं करून पाहिलं होतं.

"हे कुठे घालायचं?" मी विचारलं. तिने सांगितलं. माझे कान तापले.

"काकी, माझं लग्न व्हायचंय अजून!"

"मगे?"

"काही मोडलं तर?"

"सायकल चलयतस, तळयेत उड्यो मारतस. मोडाचा ता कवाच मोडला असतला. तू काय काचेची बरणी आसस?"

एक बोळा ओढणीखाली लपवून मी घरी आणला. त्या महिन्याच्या पाळीच्या शेवटच्या दिवशी, आता फारसं काही जात नाही तर सोपं पडेल, अशी अक्कल चालवून मी न्हाणीत शिरले. कसलं सोपं! अंग काकडीसारखं ताठ, बोटं थंडगार. बोळा अर्ध्यावर अडला. पाऊल टाकलं की टोचायचा. शेवटी ओढून काढला तेव्हा अशी आग झाली की ओठ चावून रक्त आलं. मी न्हाणीतल्या दगडावर बसून रडले. असली थेरं केली म्हणून देवाने शिक्षा दिली, असंच मला वाटलं. मग काकीला टाळायला सुरुवात केली. विहिरीवर ती दिसली की मी घागर रिकामीच घेऊन परत यायची.

शेवटी तीच परसाच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली. "काय गो? पावण्यान त्रास दिल्यान?"

"हळू बोल, आई आहे आत!"

"घातलंस कवा?"

सांगितलं तशी तिने कपाळाला हात लावला. "शेवटच्या दिसा? सुक्या वाटेन पावणो कसो येतलो? भर असता त्या दिसा घालूचो. पयलो हात साबणान धू. एक पाय खुर्चेर ठेव. आणि सरळ वर ढकलू नको, तिरपो, पाठीच्या माकडहाडाकडे."

"दुखतं, काकी."

"अंग आवळतस म्हणान दुखता. तळयेत उताणी पडतस, तेवा अंग कसा सोडतस? मी बघलंय तुका. पाण्यार पान पडला तसा. तसाच सोड. श्वास भायर टाक, आणि तेवाच सरकव. अर्ध्यार थांबलंस तर टोचतलोच. बोट पुरता तितको आत जावंक होयो. मगे तो आसा काय नाय, तुका कळाचा नाय. कळता म्हणजे पावणो अजून दारातच उभो."

"आत हरवला तर?"

"खंय जातलो? पुढे वाट बंद. दोरी भायर रवता, ती हळू ओढूची. नि आयक, चार-पाच तासांनी पावण्याक निरोप. रातीचो वसतीक ठेवचो नाय. कवा अंगात ताप भरलो, गरगरला, तर पयलो काढ आणि दाक्तराकडे धाव. माझ्याकडे येव नको."

हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगत होती. मी मात्र घामाने भिजले होते आणि जास्वंदीच्या पानांकडे बघत होते.

पुढच्याच आठवड्यात एक प्रकार झाला. दिवेलागणीला मी काकीकडे गेले, तर सासूबाई देवासमोर बसलेल्या. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं. निरांजनातली वात भलतीच जाड आणि फुगलेली दिसली म्हणून मी वाकून पाहिलं. पाहिलं आणि तिथल्या तिथे बसले. निरांजनात पावणा बसला होता! शेपटी पेटवलेली, आणि सगळं तेल पिऊन टम्म.

"माझ्या झिलान देवाक फॉरेनची वात धाडल्यान," म्हातारी कौतुकाने म्हणाली. "त्याल मात्र मरणाचा खाता हां!"

रोज संध्याकाळी एक, असं चाललं होतं म्हणे. काकी चुलीपाशी उभी. सगळ्या वाड्याला बोलतं करणारी ही बाई, पण सासूपुढे तिच्या तोंडातून शब्द फुटेना. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. मी पहिल्यांदाच तिला तशी बघत होते. तिने गुपचूप बाटली आणली, निरांजनात आणखी तेल ओतलं आणि हात जोडले. नंतर खोका उचलून तांदळाच्या डब्यात दडवला. तोवर तळाला मोजकेच उरले होते.

निवडीच्या आदल्या दिवशी पाळी आली. काकीकडून उरलेले पावणे आणले आणि मी न्हाणीत खुर्ची नेली. हात धुतले, पाय ठेवला, डोळे मिटून तळीत उताणी पडले, म्हणजे मनाने. पहिला वाकडा गेला, काढून टाकला. दुसऱ्या वेळी श्वास सोडला आणि सरकवला. मग तशीच उभी राहिले, आता टोचेल मग टोचेल म्हणून वाट बघत. टोचलं नाही. उठले, बसले, दोन उड्यासुद्धा मारल्या. काहीच नाही. मला रडू आलं, पण ते वेगळं.

आई मात्र हटून बसली. "बाहेर बसलेली मुलगी पोहायला जाते होय? लोक तोंडात शेण घालतील."

काकी कुंपणापलीकडून म्हणाली, "भायर बसाचाच आसा मा तिका? मगे पणजेक बसांदे!"

आईला हसायचं नव्हतं. पण हसली. आणि हसल्यावर पुढे नाही म्हणता येईना.

काकी केसांत अबोलीचा गजरा माळून, पिशवीत उंडे पाव आणि भाजी घेऊन माझ्याबरोबर निघाली. तलावावरच्या बाथरूमची कडी मोडलेली होती. काकी बाहेरून दार धरून उभी राहिली आणि मध्येच मोठ्याने ओरडली, "श्वास सोडलंस काय गो?" बाहेर दहाबारा मुली. त्या क्षणी त्या तलावात बुडून मरावं असं मला वाटलं. पण सोडला मी श्वास.

मी कॉश्च्युम घालून बाहेर आले. काकीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिचा पदर तोंडावर गेला. तळीत मी जुन्या फ्रॉकवर पोहायची, तेवढंच तिने पाहिलेलं.

"ह्या घालून? सगळ्यां म्होरां?"

"सगळ्या हेच घालतात, काकी."

तिने काठावरची खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि पाण्याला पाठ करून बसली. मी उडी मारायला उभी राहिले तेव्हा समोर तिची पाठच दिसत होती, आणि गजरा.

शिट्टी झाली. पाण्यात गेल्यावर मला फक्त पाणी आठवतं. मांडी आठवली नाही, ओघळ आठवला नाही, काठावरची मुलं आठवली नाहीत. डाग पडला का म्हणून मागे वळून बघायची सवय लागली होती, तीसुद्धा विसरले. दोघींना घ्यायचं होतं. मी दुसरी आले.

सरांनी नाव पुकारलं आणि मी ओलीचिंब तशीच धावले. "काकी! काकी, घेतलं मला!"

काकी उठली. वळली. दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, मिटल्या पापण्यांतून पाणी येत होतं, आणि दोन्ही हातांत पसरलेला तुवालो. तशीच चाचपडत ती माझ्याकडे येत होती. बाजूच्या मुली हसत होत्या. मलाही हसू आवरेना.

"काकी, लाज खुंटीला लाव की!"

"हंयसर खुटी खंय आसा गो?" ती म्हणाली, आणि डोळे न उघडताच तिने मला त्या तुवाल्यात गळ्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळून टाकलं.