कंसातली नायिका

ऐकायच्या नाटकासाठी मी जी नायिका निवडली, ती दुसऱ्या अंकाच्या पहिल्याच पानावर मौनव्रत धरते आणि चौथ्या अंकाचा पडदा पडेपर्यंत तोंड उघडत नाही. हे मला समजलं तेव्हा नाटक ठरलं होतं, भूमिका वाटून झाल्या होत्या आणि ऐकणाऱ्यांना आमंत्रणंही गेली होती. त्याआधी समजायचं, तर मला नाटक वाचावं लागलं असतं.

आमचा गट हौशी. काही जण शहापुरातले, काही मुरबाडकडचे. कॉपीराइट संपलेली जुनी नाटकं आम्ही आपापल्या घरी बसून मोठ्याने वाचतो, फोनवर रेकॉर्ड करतो आणि ते तुकडे शहापुरातल्या एका हार्डवेअरवाल्याकडे पाठवतो. हा गृहस्थ दुकानात पाइप आणि एल्बो विकतो, आणि गिऱ्हाईक नसलं की आमची वाक्यं एकमेकांना जोडतो. मग ते नाटक इंटरनेटवर फुकट ठेवायचं, ज्याला हवं त्याने ऐकावं.

नाटक निवडायचं काम माझं. लेखक वारल्याला साठ वर्षं झाली की त्याचं नाटक सगळ्यांचं होतं, हा नियम पहिल्यांदा निघाला तेव्हा बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हणालो, "मेलेली माणसं माझ्याकडे द्या." मी निवृत्त तलाठी. उभी नोकरी वारसनोंदी करण्यात गेली. कोण कधी वारलं, मागे कोण राहिलं, हे शोधताना मला जी तरतरी येते, ती जिवंत माणसांशी बोलताना येत नाही, असं माझी बायको पाहुण्यांना सांगत असते.

तर हे पुस्तक मला एका बंद पडलेल्या वाचनालयाच्या पेटीत सापडलं. लेखक कुणी विस्मरणात गेलेले मास्तर. जुन्या नाटकांत आठ पुरुष, एक बाई आणि एक दासी असा हिशेब असतो. आमच्या गटात बायका ढीगभर आणि पुरुष दोन. या नाटकात पाच बायका होत्या. पात्रांची यादी मी सातबाऱ्यासारखी वाचली. पहिलं नाव बाईचं, म्हणजे मालकीण तीच. पुढचं वाचायचा प्रश्नच नव्हता, कारण पहिल्या अंकानंतरची पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. छापखान्यातून आल्यापासून ती कुणी कापलीच नव्हती. आजवरचा प्रत्येक वाचक पहिल्या अंकालाच उठून गेला, हे खरं तर तिथेच लक्षात यायला हवं होतं. पण मला घाई होती ती लेखक पुरेसा मेलाय की नाही, याची.

त्यासाठी मी मुरबाडच्याही पुढे एका गावात त्यांच्या पणतूचं घर शोधून काढलं. अंगणात शिरलो आणि सवयीने सरळ विचारलं, "तुमचे पणजोबा वारले ना?"

पणतू बाजेवरून उठून बसला. "वारले. का? सातबाऱ्यावर अजून हायत काय?"

पुढचं मला आवरता आलं नाही. शेतातून दोन भाऊ बोलावले गेले. आतून पत्र्याची पेटी आली. शेजारचा चुलतभाऊ कुंपणावर हात ठेवून, "माजा हिस्सा धरूनच बोला," असं सांगून गेला. मी दोन कप चहा पिऊन एक बशी पोहे खाईपर्यंत कुणी मला बोलूच दिलं नाही. शेवटी मी नाटकाचं सांगितलं.

"म्हंजी जमिनीचं कायच नाय?" पणतूने विचारलं.

"काहीच नाही."

"मंग पोहे कशाला खाल्लेत?"

तरी त्यांनी पणजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवून दिला. पाठीमागे पुण्यतिथी आणि साल. साठ वर्षं होऊन वर कितीतरी झाली होती. मी आनंदात गाडी चालवत घरी आलो. एखादा माणूस इतका जुना मेलेला पाहून इतका आनंद मला नोकरीतही कधी झाला नव्हता.

आता नायिका कोण, हा प्रश्न. इथे ताईंची ओळख करून द्यायला हवी. ताई निवृत्त अंगणवाडी सेविका, घर मुरबाडात, सिद्धगडाच्या बाजूच्या एका गावात. गटात पहिल्यापासून आहेत आणि पहिल्यापासून दासी आहेत. कधी राणीची, कधी शेठाणीची; एकदा तर नुसता "बायकांचा घोळका" त्यांनी एकटीने केला. याला कारण आमच्या हेडबाई. शहापूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शब्दोच्चारांवर त्यांची हुकूमत, आणि त्यांचं मत असं की राणी "नाय" म्हणत नाही.

ताईंनी यावर कधी तक्रार केली नाही. तक्रार करायची त्यांची थोरली बहीण. ती शेणवे गावात दिलेली. काही वर्षांपूर्वी साखरेने तिची दृष्टी गेली. आमचं प्रत्येक नाटक ती फोन कानाशी धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते, धाकटीचा आवाज कधी येतो म्हणून. मागच्या नाटकानंतर ती ताईंना म्हणाली होती, "दोन तास बसले गो, न् तू 'आज्ञा सरकार' बोलून गेलीस. माज्या वाटनीला तू एवडीच?"

हे ताईंनी मला हसत सांगितलं, पण सांगून झाल्यावर त्या बराच वेळ पदराचं टोक नीट करत राहिल्या. म्हणून मी जाहीर केलं, "या वेळी नायिका ताई."

"किती हाय बोलायचं?" ताईंनी विचारलं.

"चार अंक," मी म्हणालो. मी खोटं बोललो नाही. अंक चारच होते.

ताईंनी तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. बहिणीने तिथल्या तिथे आळीतल्या बायकांना सांगितलं. पुढच्या महिन्यातला पहिला रविवार ठरला; ओटीवर बसून सगळ्यांनी मिळून ऐकायचं. मला वाटलं, आयुष्यात एक तरी नोंद मी मनासारखी केली.

पहिलं वाचन हार्डवेअरच्या दुकानाच्या माळ्यावर झालं. सकाळीच मी झेरॉक्सवाल्याकडून फुटपट्टीने पानं कापून घेतली होती आणि तशीच न बघता प्रती काढल्या होत्या. पहिला अंक झकास झाला. ताईंना अकरा वाक्यं होती, माळ्यावर आल्या आल्या त्यांनी त्यांवर पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या. नायिकेच्या तापट नवऱ्याची भूमिका मी स्वतःकडे ठेवली होती. दुसरा अंक सुरू झाला. मी रागाने दोन वाक्यं म्हणालो. मग सगळे ताईंची वाट बघत बसले, आणि ताई पान उलटत बसल्या. बोट जिभेला लावून एक पान, मग दुसरं, मग तिसरं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "माजं कुठंय?"

मी प्रत हातात घेतली. कंसात छापलं होतं: ती मौनव्रत धरते. त्याच्या पुढे पानोपानी नवरा बोलतो, सासू बोलते, नणंद बोलते, शेजारीण बोलते, आणि नायिका कंसात उठते, कंसात बसते, कंसात डोळे पुसते.

"अभिनयाला फार वाव आहे," मी म्हणालो.

"ऐकायच्या नाटकात?" दुकानदार म्हणाला.

हेडबाई इतक्या हसल्या की त्यांना खालून पाणी आणून द्यावं लागलं. मीही हसलो. ताई हसल्या नाहीत. "मंग बहिनीला काय सांगू?" त्यांनी विचारलं. "मी गप बसलेय, ती ऐक?"

त्यानंतरचा आठवडा मी चूक निस्तरण्यात घालवला, म्हणजे ती वाढवण्यात. आधी मी ताईंचे उसासे रेकॉर्ड करून घेतले. दुःखाचे, संतापाचे, पश्चात्तापाचे. दुकानदाराने ते ऐकून मला फोन केला. "तलाठीसाहेब, ही म्हैस कुणाची?" मग मी बांगड्यांचा आवाज सुचवला. तो आला काचेच्या ग्लासांसारखा, आणि दुःखी नायिका सरबत ढवळतेय असं वाटायला लागलं. शेवटी मी स्वतः तिच्यासाठी चार पल्लेदार वाक्यं लिहिली. हेडबाईंनी ती लाल पेनाने खोडली. लेखकाचं नाटक जसंच्या तसं वाचायचं, हा आमच्या गटाचा नियम. आणि मी सांगतो, नियमापेक्षा माझी वाक्यं वाईट होती. नाटक बदलावं, तर रविवार जवळ आलेला आणि बाकी बायकांनी आपले भाग पाठवूनही दिलेले.

तोड काढली ती ताईंनी. पुढच्या वाचनाला त्या आल्या तर त्यांच्या प्रतीवर पुन्हा पेन्सिलीच्या खुणा. या वेळी पानं भरून.

"हे कंसातलं कोन वाचतं?" त्यांनी विचारलं.

कोण काय करतं, कुठे जातं, हे ऐकणाऱ्याला कळावं म्हणून कंसातल्या सूचना आमच्याकडे एक जण वाचतो. तो मान हेडबाईंचा. गेल्या सगळ्या नाटकांत त्यांनी तो कुणाला दिलेला नाही, घसा बसला तेव्हाही नाही.

"मी वाचते," हेडबाई म्हणाल्या.

"बाई, मंग या टायमाला माजे कंस मला द्या. तुमचे तुमी ठेवा."

हेडबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वाचून दाखव," त्या म्हणाल्या, आणि अंगणवाडीतल्या बाईला वर्गात उभं केल्यासारखी हाताची घडी घातली.

ताईंनी वाचलं. शेजारणीच्या घरात काल काय झालं, हे कुंपणापाशी उभं राहून सांगावं, तसं वाचलं. ती उठते. चुलीजवळ जाते. नवरा ओरडतो तिकडे बघत पन नाय. भाकरी उलटते. माझ्या तापट नवऱ्याच्या दीड पान रागाला उत्तर म्हणून त्या भाकरीचं उलटणं असं काही आलं, की दुकानदाराने हातातला चहा खाली ठेवला.

"'पण नाही'," हेडबाई म्हणाल्या.

ताईंनी पुन्हा वाचलं. पुन्हा नाय. हेडबाईंनी तिसऱ्यांदाही सुधारलं. चौथ्या वेळी मात्र त्या प्रतीकडे बघत राहिल्या. "राहू दे. नायिकेचं सासर मुरबाडातच असणार." आणि नायिकेचे सगळे कंस त्यांनी स्वतःच्या प्रतीतून लाल पेनाने खोडून ताईंच्या नावावर केले. असा विनातक्रार फेरफार मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

आमच्या दोघांचे प्रवेश ताईंच्या घरी रेकॉर्ड केले. आतल्या खोलीत भाताची पोती होती, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. मी मन लावून काम केलं. तिसऱ्या अंकात नवरा म्हणतो की बोल, नाहीतर या घरातून चालती हो. मी ते पाच वेळा म्हटलं, कारण दर वेळी मला आपण आणखी चांगलं म्हणू असं वाटत होतं. पाचव्या वेळी दार उघडलं आणि शेजारचा बाप्या कोयता घेऊन आत आला.

"कोन हाय रे, आमच्या ताईला घराभायेर काढनारा?"

मी पोत्यावर बसलो. ताईंनी बोट ओठांवर ठेवलं, फोनकडे बघितलं आणि पुढचा कंस वाचला, "ती शांतपने नवऱ्याकडं बघते." हा कोयतावाला तुकडा दुकानदाराने काढून टाकला असला तरी जपून ठेवला आहे, आणि कुठल्याही लग्नात चार माणसं जमली की तो वाजवून दाखवतो.

रविवारी आम्ही सगळे शेणव्याकडे गेलो. ओटीवर पंधरावीस बायका, मध्ये थोरली बहीण, तिच्यासमोर रिकाम्या पितळी पातेल्यात फोन. तसा ठेवला की आवाज मोठा होतो. ताई बहिणीच्या शेजारी बसल्या. पहिल्या अंकात अकरा वाक्यं आली, बहिणीने मान डोलावली. मग मौन सुरू झालं आणि कंस सुरू झाले. ती दिवा लावते. ती नंदेच्या ताटात भात वाढते. ती खिडकीशी जाते, थांबते, परत येते. बायका आधी पापड लाटण्याच्या गप्पा मारत होत्या, त्या थांबल्या. एकीने, "बोलू नको गो त्याच्याशी, आजाबात बोलू नको," असं पातेल्याला बजावलं. चौथ्या अंकात तर माझं वाक्य आलं की ओटीवरून चुकचुकाट व्हायचा आणि ताईंचा आवाज आला की सगळ्या पुढे सरकायच्या. मी खांबाआड सरकलो.

नाटक संपलं. बहिणीने हाताने चाचपून ताईंचा हात शोधला आणि आपल्या मांडीवर ठेवला. "पोटभर झालीस," ती म्हणाली. ताईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की काय, ते मला खांबाआडून दिसलं नाही.

मला राहवलं नाही. कौतुक वाटलं जातंय तर आपणही पान मांडून बसावं, म्हणून मी पुढे होऊन म्हणालो, "आणि नवऱ्याचं काम मी केलंय."

बहिणीने माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"वलखला आवाज. पहिल्या अंकातच माज्या मनात आलं, हा मानूस असाच बोलत रायला तर ही बाई बोलायचं सोडनार."